शहरं आणि एक पांढरं वर्तुळ

साधारण चार फूट उंच आणि पावणेतीन फुटांच्या आत रुंद असा मेसोनाइटचा, म्हणजे आपल्याकडच्या हार्डबोर्डच्या जातीचा, उभा फळा. त्याचा बहुतेक भाग अमेरिकेतल्या निरनिराळ्या शहरांच्या रस्त्यांच्या नकाशांनी व्यापलेला. नकाशांच्या मधोमध एक भलंमोठं पांढरं वर्तुळ. तळाशी नकाशे संपतात आणि नुसता पांढरा रंग उरतो. उजव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात छापील मजकुराचा एक चिमुकला तुकडा. चित्राचं नाव ‘मदर ऑफ गॉड’, साल अंदाजे 1950. करणारा रॉबर्ट रॉशेनबर्ग, न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकणारा, पंचविशीच्या आसपासचा विद्यार्थी.

रॉशेनबर्ग म्हटलं की जाणकारांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो कमरेत टायर अडकवलेला, पेंढा भरलेला अंगोरा बोकड. ‘मोनोग्राम’ नावाची ती कृती 1955 ते 1959 या काळात घडत गेली आणि आता स्टॉकहोमच्या संग्रहालयात आहे. त्या बोकडाने रॉशेनबर्गला प्रसिद्धी दिली आणि एक गैरसमजही चिकटवला: हा माणूस रस्त्यावर जे सापडेल ते चित्रात कोंबणारा. म्हणून मला त्याच्या विद्यार्थिदशेतलं हे चित्र पुन्हापुन्हा पाहावंसं वाटतं. इथे फार काही कोंबलेलं नाही.

‘मिश्र माध्यम’ ही पाटी आपल्या कलामहाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांत आता इतकी सर्रास दिसते की तिच्या वर काय काय चिकटवलंय ते पाहायचाही कंटाळा येतो. सुतळी, काथ्या, कडेने जाळलेला कागद, आजीच्या पातळाचा तुकडा, मोबाइलमधली सर्किटची पट्टी, आणि सगळ्यावरून टेक्श्चर व्हाइटचा जाड थर. विद्यार्थ्यांना हसायचा माझा हेतू नाही. हाती लागलेली वस्तू चित्रात घालून पाहण्याचा मोह निरोगीच आहे. पण त्या चित्रांत बहुतेक वेळा सुतळी पोत म्हणून येते, कागद रंग म्हणून येतो, पातळ आठवण म्हणून येतं, आणि थरात बुडाल्यावर तिन्ही एकसारखी होतात. वस्तू जगात कशी वापरली जाते, कशी पाहिली जाते, हे तिथे कुणी विचारलेलंच नसतं. ‘मदर ऑफ गॉड’ करणाऱ्या मुलाने ते विचारलं होतं. चिकटवलेली वस्तू स्वतःबरोबर पाहण्याची एक सवय घेऊन येते, हे त्याला कळलं होतं. या चित्रात खरी मिसळ झाली आहे ती अशा सवयींची.

नकाशाचंच घ्या. नकाशा आपण टेबलावर, मांडीवर, मोटारीच्या बॉनेटवर पसरतो. त्याच्यावर वाकतो. बोट फिरवतो. त्यात आपण काहीतरी शोधत असतो. या चित्राजवळ गेलं की नेमकं तेच होतं. अक्षरं दिसतात, म्हणून माणूस पुढे सरकतो, एखादा रस्ता धरतो आणि त्याच्या मागोमाग जाऊ लागतो. रस्ता मध्येच तुटतो, कारण कागद तिथे कापलेला आहे, आणि शेजारी दुसऱ्याच शहराची गल्ली सुरू होते. शेकडो मैलांवरची दोन शहरं एकमेकांच्या उंबऱ्याला उंबरा लावून बसलेली. दुसरा रस्ता धरावा, तर तो वर्तुळाच्या कडेशी जातो आणि थांबतो. पुढे काही नाही, पांढरं. कुठूनही निघा, डोळा शेवटी त्या कडेवर येऊन उभा राहतो. चित्रकाराने डोळ्याला बाण दाखवून मध्याकडे ढकललेलं नाही. शोधण्याची सवय नकाशाने जागी केली आणि त्या सवयीनेच आपल्याला तिथवर आणून सोडलं.

आता चार पावलं मागे या. अक्षरं विझतात, रस्ते नुसत्या रेघांचं जाळं होतात आणि वर्तुळ एकदम पुढे येतं. हे वर्तुळ हाताने रंगवलेलं, सभोवतालचं सगळं यंत्राने छापलेलं. दुरून ते भरीव वाटतं: पूर्ण चंद्र, तबकडी, चेहऱ्यामागची प्रभावळ. जवळून पाहताना तेच वर्तुळ भोक होतं: शहरांच्या मधोमध पडलेला खड्डा, तळं, नकाशा काढणाऱ्यालाही न सापडलेला मुलूख. भरीव की पोकळ, याचा निकाल लागत नाही. आपण एकीकडे कौल द्यावा तर डोळा दुसरीकडे सरकतो.

मला या चित्रातलं सगळ्यात मोठं सुख याच्या पुढच्या पायरीवर मिळतं. नकाशा म्हणजे वरून पाहिलेली आडवी जमीन. चंद्र किंवा प्रभावळ म्हणजे समोर उभं राहून, मान उचलून पाहायची गोष्ट. एकाच फळ्यावर एक वस्तू आपल्याला वाकायला सांगते आणि दुसरी मान वर करायला. अमेरिकन समीक्षक लिओ स्टाइनबर्ग यांनी 1968 सालच्या एका व्याख्यानात रॉशेनबर्गबद्दल एक महत्त्वाचं विधान केलं. चित्राचा पृष्ठभाग शतकानुशतकं खिडकीसारखा उभा मानला जात होता, रॉशेनबर्गने तो टेबलासारखा, जमिनीसारखा, छापखान्यातल्या सपाट पाटासारखा आडवा केला, हा त्यांचा मुद्दा. स्टाइनबर्ग यांचा भर पुढच्या, प्रौढ कामांवर आहे. पण मला वाटतं, तो बदल घडत असतानाच पाहायचा असेल तर ‘मदर ऑफ गॉड’सारखं चित्र नाही. इथे आडवं आणि उभं यांचं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि चित्राचा ताण त्या भांडणातच आहे.

हे त्या मुलाला सुचलं कसं? टेक्सासमधल्या पोर्ट आर्थर या तेलशुद्धीकरणाच्या गावात 1925 साली जन्मलेला हा मुलगा. घरचं वातावरण कडक ख्रिस्ती. वाचताना अक्षरं उलटसुलट होण्याचा, ज्याला आता डिस्लेक्सिया म्हणतात तो त्रास होता. छापलेलं पान त्याला वाचायच्या आधी दिसायचं, हे लक्षात ठेवायला हवं. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या रुग्णालयात काम करत असताना तो कॅलिफोर्नियातलं हंटिंग्टन संग्रहालय पाहायला गेला. तिथे भिंतीवरची जुनी इंग्लिश तैलचित्रं पाहून तो चकित झाला, कारण त्यांतली काही त्याच्या ओळखीची होती. पत्त्यांच्या पाठीवर ती चित्रं त्याने पाहिली होती! ही कुणीतरी विचार करून, हाताने केलेली वस्तू आहे, हे त्याला तिथे प्रथम उमगलं, असं तो पुढे सांगत असे. चित्रकलेशी पहिली भेट पत्त्यांच्या पाठीमार्गे झालेला माणूस पुढे छापील कागदाला रंगाच्या बरोबरीने वागवतो, यात नवल ते काय.

युद्धानंतर माजी सैनिकांच्या शिक्षणासाठी सरकार पैसे देत होतं. त्या पैशांवर तो आधी कॅन्सस सिटीला, मग पॅरिसला, आणि 1948 च्या शरदात नॉर्थ कॅरोलिनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात गेला. तिथे शिकवत होते जोसेफ अल्बर्स, जर्मनीतलं बाउहाउस बंद झाल्यावर अमेरिकेत आलेले शिस्तीचे मास्तर. विद्यार्थ्यांनी पानं, तारा, कागद, अंड्यांची टरफलं असं मिळेल ते आणायचं आणि एक पदार्थ दुसऱ्याशेजारी ठेवून त्याचा पोत कसा पालटतो ते पाहायचं, हा त्यांच्या वर्गाचा एक भाग होता. दुसरा भाग रंगांचा: एकच रंग शेजार बदलला की वेगळा दिसतो, तेव्हा रंगावर विश्वास ठेवू नका. गुरुशिष्यांचं काही जमलं नाही. अल्बर्स आपल्याला मिळालेले सर्वांत महत्त्वाचे शिक्षक आणि त्यांच्या लेखी आपण नक्कीच सर्वांत वाईट विद्यार्थ्यांपैकी एक, असं रॉशेनबर्ग नंतर म्हणाला. अल्बर्सना टायर आणि बोकड कधीच रुचले नसते. पण या चित्रातलं वर्तुळ भरीव-पोकळ होत राहतं ते केवळ शेजारामुळे, आणि तो धडा मास्तरांचाच आहे. वर्गात न पटलेली शिकवण घरी केलेल्या कामात अशी मुकाट्याने उतरते.

आता तो कोपऱ्यातला छापील तुकडा. एका कॅथलिक नियतकालिकाच्या नावाने दिलेला, कसल्याशा प्रकाशनाची शिफारस करणारा तो मजकूर आहे. त्यात त्या प्रकाशनाला अनमोल असा आध्यात्मिक रस्ता-नकाशा म्हटलंय, जगण्याइतकाच साधा आणि मूलभूत. जाहिरातीची भाषा! चित्रभर खरे रस्ता-नकाशे, आणि कोपऱ्यात आत्म्याच्या नकाशाची जाहिरात. काहींना यात थट्टा दिसते, काहींना श्रद्धा. रॉशेनबर्गला लहानपणी धर्मोपदेशक व्हायचं होतं, आणि आपल्या पंथात नृत्याला मनाई आहे हे कळल्यावर त्याने तो विचार सोडला. अशा माणसाची थट्टा आणि श्रद्धा वेगवेगळ्या खणांत ठेवता येत नाहीत. वारकरी कीर्तनकार विठ्ठलाला चार शिव्या हासडतो तेव्हा आपण तरी कुठे ठेवतो?

मला त्या तुकड्याच्या आकारात रस आहे. तो इतका लहान आहे की तो वाचायला चित्राच्या अगदी अंगावर जावं लागतं, आणि तिथे गेल्यावर वर्तुळ नजरेच्या टप्प्याबाहेर जातं. मजकूर आणि वर्तुळ एका वेळी नीट दिसत नाहीत. हाच तुकडा तळहाताएवढा असता तर चित्र एक बरा विनोद होऊन संपलं असतं. या तुकड्यामुळे नकाशाच्या आणि प्रभावळीच्या जोडीला पाहण्याची तिसरी सवय येते, बारीक टाइप वाचण्याची. शिवाय चित्रात तांब्याचा आणि इतर धातूंचा रंगही वापरलेला आहे. धातूचा रंग म्हटला की चर्चमधल्या जुन्या पवित्र प्रतिमांची आठवण येते, पण इथे तो नांदतोय रस्त्यांच्या नकाशांच्या शेजारी.

नावाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. देवाची आई, म्हणजे मेरी. नाव कळलं की पांढरं वर्तुळ गर्भ होतं, कौमार्य होतं, आणि भरीव-पोकळचा सुंदर खेळ एका अर्थाला बांधला जातो. चरित्रकारांना तर आयतंच सापडतं. रॉशेनबर्गचं सुझन वाइल या चित्रकर्तीशी 1950 च्या जूनमध्ये लग्न झालं, जुलै 1951 मध्ये मुलगा झाला, लावा संबंध. संबंध असेलही. पण चित्राचं साल अंदाजे आहे, आणि समजा ते महिन्यानिशी कळलं तरी वर्तुळाच्या कडेशी रस्ते थांबतात तेव्हा जे वाटतं ते त्याने कमीजास्त होत नाही. विद्यार्थी बहुधा चित्रावर पुरता विश्वास न बसल्यामुळे भारदस्त नाव देतात. चित्र नावापेक्षा शहाणं आहे.

याच सुमाराचं ‘22 द लिली व्हाइट’ पाहिलं की ही गोष्ट अधिक उमगते. ओल्या पांढऱ्या रंगात पेन्सिलीने आकडे आणि चौकटी कोरलेल्या. हात छान आहे, पांढऱ्याची मजाही आहे. पण तिथे एकच सवय जागी होते, आकडे वाचण्याची, आणि तिला विरोध करणारं काही नाही. म्हणून ते चित्र मला लवकर संपतं.

मे 1951 मध्ये बेटी पार्सन्स यांच्या न्यूयॉर्कमधल्या नामांकित गॅलरीत रॉशेनबर्गचं पहिलं एकल प्रदर्शन झालं, तो अजून विद्यार्थी असताना. हकिकत अशी सांगतात की चित्रं दाखवून फक्त मत विचारावं म्हणून तो गेला होता आणि प्रदर्शन पदरात पडलं. प्रदर्शनाआधी त्याने निवडलेल्या चित्रांपैकी काहींवर नव्याने रंगकाम करून टाकलं होतं, ही त्याहून बोलकी गोष्ट. विक्री झाली नाही. संगीतकार जॉन केजकडे त्यातलं एक चित्र गेलं. पुढे केजच्या घरी मुक्कामाला असताना रॉशेनबर्गने त्या चित्रावर काळा रंग चढवला, यजमानाला भेट म्हणून! केज त्यावर खूश झाला नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही झालो नसतो. ‘मदर ऑफ गॉड’ मात्र या सपाट्यातून वाचलं. चित्रकाराने ते जवळजवळ अर्धं शतक स्वतःपाशी ठेवलं. 1998 मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात गेलं.

स्वतःच्या कामाबद्दल या विद्यार्थ्याने काय विचार केला होता, याचा एक लेखी पुरावा आहे. 18 ऑक्टोबर 1951 रोजी, पुन्हा ब्लॅक माउंटनला गेलेला असताना, त्याने पार्सन्स यांना पत्र लिहिलं. नुकतीच केलेली काही कोरी पांढरी चित्रं त्यांनी दाखवावीत, ही विनंती. घरं रंगवायच्या रंगाने, रोलर फिरवून केलेले सपाट पांढरे कॅनव्हास. त्यांत रेघ नाही, आकार नाही. त्यांच्याविषयी लिहिताना तो एकच पांढरा आणि एकच देव अशी सांगड घालतो, शांततेच्या सजीव देहाबद्दल बोलतो, काहीच नसण्याच्या भरगच्चपणाबद्दल बोलतो, आणि वर्तुळ जिथे सुरू होतं आणि संपतं त्या बिंदूबद्दल. शेवटाकडे म्हणतो की ही चित्रं मी करतोय याला काही महत्त्व नाही, त्यांचा कर्ता आजचा दिवस आहे.

पत्र विद्यार्थ्याचंच आहे. एका वाक्यात देव, काळ, निरागसता आणि स्वातंत्र्य यांना बसवण्याची घाई त्या वयाची. पार्सन्स यांनी ती चित्रं दाखवली नाहीत. 1953 मध्ये ती दुसऱ्या गॅलरीत लागली. पण त्या पत्रातला वर्तुळाचा उल्लेख वाचला की मी परत नकाशांकडे येतो. पांढऱ्या कॅनव्हासांत वर्तुळ कुठेच नाही, आणि पत्रात आहे! माझ्या समजुतीने त्याच्या डोक्यातून ते जुनं चित्र गेलेलं नव्हतं. ‘मदर ऑफ गॉड’मधला पांढरा वाढत जाऊन त्याने नकाशे कडेबाहेर ढकलले आणि कोरे कॅनव्हास उरले, असं मी पाहतो. मग पत्रातला ‘आजचा दिवस’ही निव्वळ कविता राहत नाही. कोऱ्या पांढऱ्यावर खोलीतल्या माणसांच्या सावल्या पडतात, दुपार कलली की रंग बदलतो, धूळ बसते. केजला हे फार आवडलं. 1952 च्या आपल्या निःशब्द रचनेला या चित्रांनी धीर दिला, असं तो मोकळेपणाने सांगे. मला विचाराल तर कोरे कॅनव्हास विचार म्हणून मोठे आहेत, चित्र म्हणून नकाशांचं मोठं आहे. तिथे पांढऱ्याला भांडायला कुणीतरी आहे.

कोऱ्यावर तो थांबलाही नाही. ब्लॅक माउंटनलाच त्याच सुमारास त्याने काळ्या रंगाने माखलेले ओले कॅनव्हास जमिनीवर पालथे घालून त्यांत खडी आणि माती रुतवली, आणि मग ते भिंतीवर उभे केले. 1953 मध्ये वीस कागद एकाला एक जोडून त्याने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर अंथरले आणि केजला त्यांवरून मोटार चालवायला लावली. चाकाला काळा रंग. आधीच्या चित्रात वर्तुळापाशी थांबलेला रस्ता इथे सरळ कागदावर धावून गेला. नकाशावर बोट फिरवण्याची सवय गेली आणि तिच्या जागी वजन आलं.

मग 1955 चं ‘बेड’. उशी, चादर आणि ठिगळांची रजाई, आपण गोधडीच म्हणू, लाकडी चौकटीवर ताणून भिंतीला उभी टांगलेली. रजाई ब्लॅक माउंटनमधली सहाध्यायी डोरोथिया रॉकबर्न हिची होती, असं सांगतात. उशीवर पेन्सिलीच्या रेघोट्या. उशीवर आणि चादरीच्या घडीवर लाल, पिवळ्या, निळ्या, पांढऱ्या रंगांचे फटकारे आणि ओघळ. खालच्या बाजूला गोधडीची चौकोनी ठिगळं बरीचशी तशीच, शांत. इथेही मला पाहावंसं वाटतं ते रंग कुठे थांबतो ते. पलंग आडवा असतो म्हणून त्यावर ओतलेला रंग साचायला हवा, पण तो खाली ओघळलाय, कारण रंगवताना वस्तू उभी आहे. दुसरीकडे उशी पाहिली की डोकं टेकायची सवय जागी होते आणि क्षणभर भिंतच जमीन वाटू लागते. ‘मदर ऑफ गॉड’मधलं भांडण इथे अंगापर्यंत आलं. 1958 मध्ये इटलीतल्या स्पोलेतोच्या महोत्सवात हे चित्र भिंतीवर लावायला आयोजकांचं धाडस झालं नाही, त्यांनी ते आत ठेवून दिलं. लोकांना तिथे खुनाची जागा दिसायची. रॉशेनबर्गला मात्र हे आपल्या सर्वांत स्नेहाळ चित्रांपैकी एक वाटे. मी या बाबतीत चित्रकाराच्या बाजूने आहे. ज्या चित्रात पांघरूण इतकं जपून दुमडलंय ते हिंसक कसं म्हणावं?

वस्तूबरोबर येणाऱ्या सवयींची ही गोष्ट पुढे आपल्याकडेही पोचली. 1975 मध्ये रॉशेनबर्ग अहमदाबादला आला, साराभाई कुटुंबाचा पाहुणा म्हणून. गांधी आश्रमाच्या हातकागद कारखान्यात त्याने तिथल्या कारागिरांबरोबर काम केलं. बांबूच्या पट्ट्या आणि कापडाचे तुकडे अंगात घेतलेले कागद केले, आणि ‘युनियन्स’ नावाच्या मालिकेसाठी एक चिखलासारखा लगदा वापरला. त्यात कागदाचा लगदा, मेथीची पूड, चिंचोक्यांचं पीठ, खडूची भुकटी, डिंक आणि मोरचूद. हे साहित्य वाचताना मराठी माणसाची सवय वेगळ्याच ठिकाणी जाते. चिंचोक्याची खळ म्हणजे घोंगडी ताठ करणारी खळ. मेथी तर स्वयंपाकघरातली. अमेरिकन समीक्षकांना त्या आकारांत खेड्यातल्या मातीच्या भिंती दिसल्या तर त्यांचं चुकलं असं नाही, भिंती त्याने पाहिल्या होत्याच. पण त्या लगद्याचं नीट रसग्रहण करायचं तर एखादा माणदेशी घोंगडी विणणारा शेजारी उभा हवा. खळ किती पातळ झाली आणि कुठे तडकणार, हे तो बोट लावून सांगेल, आणि संग्रहालयाचा रखवालदार त्याला बोट लावू देणार नाही.